चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही: एका हरवलेल्या विमानाची गोष्ट

(आपल्या नव्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि एक शिंक काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

अकोल्यातून, जठारपेठेतून बोलतोय. रेकॉर्डिंगसाठी कूलर बंद केलाय, कारण तो सुरू ठेवला तर तुम्हाला माझ्या आवाजाऐवजी विमान उडाल्यासारखा आवाज येईल. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करणं काय असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी निदान त्या कष्टासाठी हा भाग शेवटपर्यंत ऐकावा.

आणि विमानावरून आठवलं, आजची गोष्टही एका विमानाचीच आहे.

झालं असं की आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, अकरावीतला. मोठ्या भावाचा लॅपटॉप आता त्याच्याकडे आलाय. त्याला त्यावर जीटीए सॅन आंद्रेस खेळायचाय. कोणीतरी त्याला सांगितलं, जुना गेम नव्या विंडोजवर नीट चालवायचा असेल तर 'सायलेंटपॅच' टाक. तर हा फोन घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, हे टाकू का? पैसे तर नाही मागून राह्यले. मंग याच्यात काहीतरी लोचा असनच ना? काहून करीन कोणी फुकटात काम?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. त्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. एक, जुना गेम मोडतोच कसा? दोन, हा पॅच नेमकं काय करतो? आणि तीन, कोणी फुकटात का करेल? आज या तिन्हींची उत्तरं शोधू.

दहा रुपये तास

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सायबर कॅफे पाहिलाच नसेल, म्हणून थोडं सांगतो. माझ्या शाळेच्या दिवसांत इकडे एका गाळ्यात सात-आठ कॉम्प्युटर होते. मागे पोट सुटलेले जाडे मॉनिटर, विंडोज एक्सपी, आणि माऊसच्या खालच्या गोळीला चिकटलेला मळ. तासाचे दहा रुपये. घरी सांगायचं 'प्रोजेक्टची प्रिंट काढायला चाललो', आणि बसायचं व्हाइस सिटी लावून. मधेच लाइट गेली की सगळे एका सुरात ओरडायचे, आणि कॅफेवाले काका वही काढून कोणाची किती मिनिटं राहिली ते लिहून ठेवायचे.

व्हाइस सिटी पीसीवर आला २००३ मध्ये, सॅन आंद्रेस २००५ च्या जूनमध्ये. दोन्ही बनवले स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात, रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओने. म्हणजे सॅन आंद्रेस आता वीस वर्षांचा झालाय. तुमच्यातले काही जण त्याच्यापेक्षा लहान आहेत. तरीही तो खेळला जातो, कारण तो कमी ताकदीच्या मशीनवरही चालतो आणि त्यात करण्यासारखं संपतच नाही.

फक्त एक अडचण आहे. गेम २००५ चा, आणि खालची जमीन आजची.

गेम बदलत नाही, जमीन बदलते

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. जुना गेम कुजत नाही. सीडीवरचे शून्य आणि एक वीस वर्षांनीही तेच असतात. बदलतं ते आजूबाजूचं: विंडोज, ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन, प्रोसेसर. गेम बनवणाऱ्याने त्या वेळच्या मशीनबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ती गृहीतकं एकेक करून खोटी पडत जातात.

चार उदाहरणं घेऊ, पटापट.

पहिलं, डेव्ह. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की सगळे जो खेळायचे तो डेंजरस डेव्ह. तो डॉसच्या जमान्यातला, सोळा बिटचा प्रोग्राम. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सोळा बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्राम लागतो. तो कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करतो.

दुसरं, एज ऑफ एम्पायर्स टू. विंडोज सेव्हन आलं आणि अनेकांच्या स्क्रीनवर गवत जांभळं, पाणी लाल दिसायला लागलं. कारण तो गेम एका वेळी फक्त २५६ रंगांचा तक्ता वापरायचा, आणि विंडोजचा दुसरा कुठलातरी प्रोग्राम मधेच येऊन तो तक्ता बदलून टाकायचा. लोकांनी काढलेला उपाय भारी होता: टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एक्सप्लोररच बंद करायचं, मग गेम सुरू करायचा. गवत परत हिरवं!

तिसरं, सीडीची कुलूपं. चोरी थांबवायला काही कंपन्या सेफडिस्क नावाचं संरक्षण वापरायच्या. त्यासाठी लागणाऱ्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली, म्हणून २०१५ मध्ये विंडोज टेनने त्याला आत घेतलंच नाही. परिणाम काय? ज्याने पैसे देऊन खरी सीडी घेतली होती त्याचीच सीडी चालेना.

चौथं, वेग. जुन्या गेममधली काही गणितं सेकंदाला किती चित्रं दिसतात यावर बेतलेली असतात. सॅन आंद्रेसमध्ये वेगाची मर्यादा काढली आणि आजच्या ताकदवान मशीनवर चित्रं धडाधड पळायला लागली, की पाण्यात पोहणारा सीजे उलट हळू होतो. मशीन वाढली, माणूस मंदावला.

अशा गोष्टी दुरुस्त करायला कंपनी परत येत नाही. तिच्या दृष्टीने तो माल विकून झालेला असतो. मग येतो हौशी माणूस, आणि तो लावतो पॅच. पॅच म्हणजे ठिगळ. आजी गोधडीला लावायची ना, तेच.

विमान गेलं कुठे?

आता मुख्य गोष्ट. पोलंडमधला एक प्रोग्रामर आहे, गेमच्या जगात त्याला 'सायलेंट' म्हणून ओळखतात. जीटीएच्या जुन्या गेमसाठी त्याने केलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा म्हणजे सायलेंटपॅच. बुली नावाचा रॉकस्टारचाच आणखी एक गेम विंडोज टेनवर सारखा बंद पडायचा, त्यालाही त्याने असाच पॅच लावला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज इलेव्हनचं २४एच२ नावाचं मोठं अपडेट आलं. त्यानंतर सायलेंटकडे एक विचित्र तक्रार आली. सॅन आंद्रेसमध्ये 'स्किमर' नावाचं एक विमान आहे. चाकं नाहीत, खाली होडीसारखे तराफे, पाण्यावर उतरणारं. अपडेट घेतल्यावर हे विमान गेममधून गायब झालं. जिथे उभं असायचं तिथे नाही. ट्रेनरने जबरदस्ती आणायला गेलं तर विमान येण्याऐवजी खेळणारा सीजेच आभाळात फेकला जायचा. थोडासा वर नाही, अंतराळाच्याही पलीकडे. बाकी सगळ्या गाड्या, हेलिकॉप्टर, विमानं ठणठणीत. बिघाड फक्त या एकाच विमानात, आणि तोही फक्त नव्या विंडोजवर.

तुम्ही असता तर कोणाला दोष दिला असता? विंडोजला ना? मीही तेच केलं असतं. काल चालत होतं, आज अपडेट आलं, आज बंद पडलं, म्हणजे अपडेटचाच दोष. सरळ हिशोब आहे.

पण सायलेंटने तो हिशोब तसाच मान्य केला नाही. तो एकेक पायरी मागे जात राहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने सगळा तपास सविस्तर लिहून लोकांसमोर ठेवला. मी तो वाचताना अर्ध्या रात्रीपर्यंत जागा होतो, आणि तो तुम्हाला आपल्या पद्धतीने सांगावा म्हणूनच हा भाग केलाय.

फॉर्ममधले चार रिकामे रकाने

सॅन आंद्रेसच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल असते. त्यात प्रत्येक वाहनासाठी एक ओळ. क्रमांक, नाव, प्रकार, असं करत करत शेवटी चाकांची माहिती: चाकाचं मॉडेल कोणतं, पुढच्या चाकाचं माप किती, मागच्या चाकाचं किती, आणि चाकं बदलायची झाल्यास ती कुठल्या गटातली. समजा, प्रत्येक वाहनाने भरलेला एक फॉर्म.

४५९ क्रमांकावर आहे एक व्हॅन, फायलीत तिचं नाव टॉपफन. तिने फॉर्म नीट भरलाय, चाकांचं माप ०.७. त्याच्या लगेच खाली ४६० क्रमांकावर आपलं स्किमर. आणि स्किमरच्या ओळीत शेवटचे चार रकाने नाहीतच.

का नाहीत? कारण आधीच्या गेममध्ये, व्हाइस सिटीमध्ये, हे स्किमर कागदोपत्री 'होडी' होतं. होडीला चाकं नसतात, त्यामुळे चाकांचे रकाने भरायचा प्रश्नच नव्हता. सॅन आंद्रेस बनवताना कोणीतरी 'होडी' खोडून 'विमान' लिहिलं. विमानाला चाकांचे रकाने लागतात. ते भरायचे राहून गेले. बस्, एवढंच. एका माणसाची एका ओळीतली चूक.

आता विचारा, मग २००५ पासून २०२४ पर्यंत हे चाललं कसं?

न पुसलेला फळा

हे समजायला आपण जठारपेठेतल्या एखाद्या ट्यूशन क्लासमध्ये जाऊ.

वर्गात एक फळा आहे. सर एकेका मुलाला बोलावतात आणि सांगतात, तुझा फॉर्म वाच आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात चाकाचं माप लिही. टॉपफन येतो, लिहितो '०.७', जातो. फळा कोणी पुसत नाही. मग स्किमर येतो. त्याच्या फॉर्मवर माप नाही. तो काहीच लिहीत नाही, आणि निघून जातो. सर फळ्याकडे बघतात, कोपऱ्यात '०.७' दिसतं. सर म्हणतात, 'हां, स्किमरचं माप ०.७.' आणि वहीत उतरवून घेतात.

स्किमर पास झाला, दुसऱ्याच्या उत्तरावर!

अगदी हेच गेममध्ये होत होतं. प्रोग्राममध्ये ज्या चौकटीत किंमत ठेवायची, तिला व्हेरिएबल म्हणतात. नियम असा की चौकट वापरण्याआधी तिच्यात काहीतरी ठरलेली किंमत घालायची, म्हणजे फळा आधी पुसायचा. इथे तो पुसलाच नव्हता. फायलीतली ओळ वाचून चौकटी भरणारं जे फंक्शन आहे, ते ओळीत आकडा असेल तरच चौकट भरतं. नसेल तर चौकटीला हात लावत नाही. तिथे आधीच्या वाहनाचं जे उरलंय ते तसंच राहतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी भाषा शिकलेल्यांनो, तुमच्या ओळखीचा स्कॅनएफ आठवा. त्याचाच चुलतभाऊ.

आता विंडोज यात कुठे येतं? दोन मुलांच्या मधे, म्हणजे टॉपफन गेल्यावर आणि स्किमर येण्याआधी, गेमला फायलीतली पुढची ओळ उचलायची असते. ते काम करताना विंडोजची एक छोटी यंत्रणा मधे येते. फायलीला क्षणभर कुलूप लावणं आणि काढणं हे तिचं काम. समजा, दोन मुलांच्या मधे दुसरे सर आत येतात, त्याच फळ्यावर आपलं काहीतरी कच्चं गणित करतात आणि जातात. हे सर वर्षानुवर्षं फळ्याच्या वरच्या भागातच लिहायचे. खालच्या कोपऱ्यातला ०.७ तसाच राहायचा.

२४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने कुलूप काढायची ती पद्धत बदलली. नव्या पद्धतीला कच्च्या गणितासाठी जास्त जागा लागते. म्हणजे आता दुसरे सर फळ्याच्या खालपर्यंत लिहितात. ०.७ वर त्यांचा भलताच आकडा गिरवला जातो. स्किमर येतो, काही लिहीत नाही, आपले सर कोपऱ्यात बघतात आणि तो भलता आकडा चाकाचं माप म्हणून उतरवून घेतात.

आणि त्या मापावरून गेम ठरवतो, वाहन जमिनीपासून किती उंचावर ठेवायचं. माप अफाट, तर उंची अफाट. म्हणून विमान आभाळाच्या पार.

बघा आता, चूक कोणाची? दुसऱ्या सरांनी कोणाचं काही बिघडवलं नाही. फळा सगळ्यांचा आहे, आणि 'खालच्या कोपऱ्यात लिहू नका' असं त्यांना कोणी कधी सांगितलंही नव्हतं. विंडोज निर्दोष. चूक २००५ चीच होती. फक्त जवळपास वीस वर्षं नशिबाने झाकली गेली होती.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आपण म्हणतो ना, 'चालू आहे ना बाप्पा, मग हात कायले लावतं?' पण चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. कधीकधी ते फक्त शेजारच्याच्या उत्तरावर चाललेलं असतं.

ठिगळ नेमकं कुठे लागलं?

दुरुस्ती ऐकली तर हसाल. सायलेंटपॅच फक्त एवढंच करतो, की ओळ वाचण्याआधी त्या चौकटींमध्ये समंजस किंमती घालून ठेवतो. म्हणजे फळा पुसून त्यावर आधीच एक ठरलेला आकडा लिहून ठेवायचा. मुलाने माप आणलं तर त्याचं घ्या, नाही आणलं तर हे घ्या.

पॅच नको असेल तर तेही चालतं. तीच मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, स्किमरची ओळ शोधायची आणि शेवटी राहिलेले चार आकडे घालायचे: वजा १, ०.७, ०.७, वजा १. विमान परत! हा उपायही त्याने लोकांना लिहूनच दिला होता. म्हणजे 'माझाच पॅच घ्या' असा हट्ट नाही.

आणखी एक समजून घ्या. असा पॅच गेमची मूळ फाइल फाडत नाही. तो गेमच्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल म्हणून बसतो. गेम सुरू झाला की त्याच्यासोबत मेमरीत जातो आणि तिथल्या तिथे चुकीच्या सूचना बदलतो. नको असेल तर फाइल काढून टाका, गेम पूर्वीसारखा. गोधडी न उसवता लावलेलं ठिगळ.

मग फुकटात का?

आता आपल्या अकरावीवाल्याचा प्रश्न. काहून करीन कोणी फुकटात?

कोणाच्या मनातलं मी सांगू शकत नाही. पण व्यवहार बघा. गेम त्याचा नाही, रॉकस्टारचा आहे. दुसऱ्याच्या गेमवर पैसे लावले तर कंपनीचे वकील दारात उभे राहतील. हा धोका नुसता बोलण्यापुरता नाही. काही चाहत्यांनी जीटीए थ्री आणि व्हाइस सिटी उलटे उलगडून त्यांचा कोड पुन्हा लिहून काढला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉकस्टारच्या मालक कंपनीने, टेक-टूने, तो कोड गिटहबवरून काढायला लावला, आणि सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दावाही टाकला. सायलेंटपॅचचं तसं नाही. त्यात गेम नसतो, गेमचा तुकडाही नसतो. गेम तुमच्याकडे असेल तरच त्याचा उपयोग.

आणि त्याच वर्षी दुसरी बाजूही दिसली. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉकस्टारने तिन्ही जुन्या गेमची नवी, चकचकीत आवृत्ती आणली. त्याआधी जुने मूळ गेम विक्रीतून काढून टाकले होते. नवी आवृत्ती इतकी चुकांनी भरलेली निघाली की लोक चिडले, कंपनीला माफी मागावी लागली आणि पीसीवरचे मूळ गेम आपल्या दुकानात परत ठेवू असं सांगावं लागलं. म्हणजे ज्यांच्या मालकीचा गेम त्यांनी मूळ वस्तू कपाटातून काढली, आणि ज्याचा त्यावर काडीचा हक्क नाही तो माणूस त्यातल्या एका विमानाची चार आकड्यांची चूक शोधत बसला.

याला मी नुसतं 'फुकट काम' नाही म्हणणार. आपल्याकडे गावातला जुना हातपंप बंद पडला की एखादा माणूस स्वतःच पाना घेऊन बसतो. त्याला कोणी पगार देत नाही. त्याला पंप चालू पाहिजे असतो, आणि बंद का पडला हे कळल्याशिवाय झोप येत नाही. हे तेच आहे.

माझी चूक, ताईचे फोटो

पण थांबा. 'फुकट असेल तर लोचा असणारच' ही शंका खोटी नाही. मी स्वतः फसलोय, आणि ते सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका जुन्या गेमसाठी मी कुठल्यातरी साइटवरून 'फिक्स' उतरवला. तो टाकताना सूचना आली, आधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह लावला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले. आत जाता येईना. त्या पेनड्राइव्हवर ताईच्या लग्नाचे फोटो होते. फोटोग्राफरने दिलेले नाहीत, आम्ही भावंडांनी घरच्या कॅमेऱ्याने काढलेले. हळदीचे, रात्रीच्या गोंधळाचे. आजोबांचे शेवटचे चांगले फोटो त्यातच.

मी घाबरलो. आधी व्हायरस काढला पाहिजे म्हणून सरळ पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. वाटलं, फोटो तर गेलेच.

नंतर एका मित्राने सांगितलं, तो शॉर्टकट व्हायरस फाइली पुसत नाही. फक्त लपवतो. फोटो तिथेच होते. ते व्हायरसने नाही, मी घालवले.

म्हणून मला सायलेंटच्या त्या तपासाचं इतकं कौतुक वाटतं. मी जे दिसलं त्यावर उपाय केला. तो कारणापर्यंत गेला. या दोन गोष्टींत किती फरक असतो, ते माझ्या ताईला विचारा. ती अजून अधूनमधून विचारते, 'काही सापडलं का रे?'

तर टाकायचा का?

अकरावीवाल्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

पॅच बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. व्हिडिओच्या खाली दिलेल्या, तीन जाहिराती पार करायला लावणाऱ्या लिंकवरून नाही.

कोड उघडा आहे का बघा. सायलेंटपॅचचा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला आहे. तुम्हाला कळत नसला तरी ज्यांना कळतो ते हजार डोळे त्यावर असतात.

'अँटिव्हायरस बंद करा' म्हणणाऱ्याला तिथेच रामराम.

आधी गेमचं फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करून ठेवा. सेव्ह फाइलसुद्धा.

सोबतची सूचना वाचा. एकाच गेमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, तुमची कोणती ते बघूनच टाका.

आणि गेम स्वतःचा घ्या. कुठल्यातरी 'रिप' कॉपीत कोणी काय कापलंय आणि काय घुसवलंय, हे पॅच बनवणाऱ्यालाही कळू शकत नाही.

तुमच्या खिशातलं काय?

जाता जाता एक. तुम्ही म्हणाल, आम्ही तर फोनवर खेळतो, आमचा काय संबंध? आहे. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि आयफोनवरचे ३२ बिटचे सगळे जुने गेम एका झटक्यात बंद झाले. अँड्रॉइडवरही २०२२ च्या पिक्सेल सेव्हनने ३२ बिटची ॲप्स चालवणं सोडलं. फोनवर मात्र ठिगळ लावायला जागाच कमी. पीसीवर गेमचं फोल्डर उघडं असतं, नोटपॅडने ओळ बदलता येते. फोनवर ॲप कुलूपबंद पेटीत येतं. बनवणाऱ्याने सोडून दिलं की बहुतेक वेळा ते संपतंच. आज तुम्ही ज्या गेममध्ये रात्री जागवताय, त्याचं पंधरा वर्षांनी काय होईल, हे त्याची पेटी कोणाला उघडता येते यावर ठरणार आहे.

बस्, आता कूलर लावतो. अकरावीवाल्याने परवा पॅच टाकला, नीट चालतोय. काल संध्याकाळी आला आणि म्हणाला, "दादा, ते फाइल उघडून पाह्यली मी नोटपॅडमधी. स्किमरच्या वळीत खरंच चार आकडे कमी हायेत!" गेम खेळायचा सोडून तो फाइल वाचत बसला होता. मला वाटतं, फुकटात कोणी काहून काम करते, याचं उत्तर त्याला मिळायला लागलंय.

तुमच्याकडे असा कुठला जुना गेम आहे, जो आता चालत नाही? आवाजी मेसेज पाठवा. निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, फळा पुसत चला. भेटू!